मेणातला दादा

३ सप्टेंबर, बुधवार

आज पुन्हा माझ्या ‘तथापि’चा वध झाला. केळीच्या पीकविम्याची बातमी मी परवा जळगावला धाडली होती. तिच्या मधोमध एक देखणा ‘तथापि’ बसवला होता, देवळासमोर नंदी बसवावा तसा. आज अंक उघडला तर नंदी गायब आणि जागेवर ‘पण’. डेस्कवरच्या कुणा पंचविशीतल्या पोराचं काम. बुऱ्हाणपूरचा वार्ताहर म्हणून मी आयुष्यात पुष्कळ सोसलं. नाव कापलं, फोटो कापला, मथळ्यात तापीऐवजी नर्मदा घातली. पण शब्दावर हात टाकणं म्हणजे हद्द झाली. निषेधाचा खलिता लिहिला आणि धाडला नाही. म्हणून ही वही काढली. इथे तरी कुणी कापणार नाही.

दुसरी बाब, तुलनेने किरकोळ, म्हणजे दादाचा कॅन्सर.

मधुकरदादा माझा थोरला भाऊ, गणिताचा निवृत्त मास्तर. लोधीपुऱ्यात आमचं दार आणि त्याचं दार शेजारी शेजारी. गेल्या महिन्यात जळगावला त्याच्या मोठ्या आतड्यातली गाठ काढली. आज टाके दाखवायला आणि पुढचं विचारायला मी त्याला घेऊन गेलो. डॉक्टर चारुलता नावाच्या बाई आहेत. विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर देतात. वैद्यकात हे दुर्मिळ.

बाई म्हणाल्या, गाठ पूर्ण निघाली, आसपासच्या ग्रंथी स्वच्छ आहेत. प्रश्न उरतो केमो द्यायची की नाही एवढाच.

“ते आपण गाठीलाच विचारू. काढलेल्या तुकड्यावर बायोमार्करची तपासणी होते. काही गाठी अशा जातीच्या असतात की या टप्प्यावर नेहमीच्या केमोचा त्यांना उपयोग नसतो, आणि त्या परत यायची शक्यताही कमी. तुमची तशी निघाली तर केमो टळेल.”

“आणि तशी नसली तर?” दादा म्हणाला.

“तर बसून बोलू.”

दादाचा चेहरा उतरला. ‘बसून बोलू’ हे तो नापास मुलांच्या बापांना सांगत असे.

मग बाईंनी विचारलं, घरात आणखी कुणाला कॅन्सर होता का? आम्ही दोघं एका सुरात ‘नाही’ म्हणालो. वडील संग्रहणीने गेले, काका पोटाच्या जुन्या दुखण्याने, आणि आजोबांना एका लग्नातलं जेवण बाधलं.

“कितव्या वर्षी गेले?”

“वडील सप्तमीला,” दादा म्हणाला.

“काका द्वादशीला,” मी भर घातली.

“मी वय विचारतेय हो, तिथी नाही.”

वय कुणालाच ठाऊक नाही. श्राद्धाला तिथी लागते, वय लागत नाही, मग ते लक्षात ठेवणार कोण? भरपाई म्हणून मी बाईंना तीन पिढ्यांची नावं गोत्रासकट म्हणून दाखवली. त्यांनी कौतुकाने ऐकली. कागदावर मात्र काही उतरवलं नाही.

५ सप्टेंबर, शुक्रवार

तुकडा घरी आला. जळगावच्या प्रयोगशाळेने तो आमच्याच हाती दिला, म्हणाले मुंबईच्या प्रयोगशाळेत पोचवा. मला वाटलं होतं बरणीबिरणी असेल. निघाला एक मेणाचा ठोकळा, कॅरमच्या सोंगटीहून किंचित मोठा, चौकोनी, प्लास्टिकच्या जाळीवर बसवलेला. मेणाच्या आत पिवळट ठिपक्यासारखा आमचा दादा. बाईंनी बजावलंय, गाठीचा चांगला भाग ह्यातच आहे, जपा.

ठेवायचा कुठे, यावर दोन्ही घरांची बैठक झाली. मी म्हटलं, फ्रिजमध्ये.

कमलवहिनी म्हणाल्या, “भाऊजी, तिथे देवाचं दूध असतं. तुमच्याकडे ठेवा.”

“आमच्याकडे पाली आहेत,” माझी बायको कविता तत्परतेने म्हणाली. पालींचा तिला असा आधार मी प्रथमच पाहिला.

दादा खुर्चीतून म्हणाला, “मी अजून मेलो नाही, तर माझ्या एका तुकड्याला दोन घरांत जागा नाही. चांगलं आहे.”

शेवटी त्याच्याच कपाटात, कंपासपेटीशेजारी ठेवला. कुरियरने धाडू म्हटलं तर वहिनी उसळल्या. “माणसाचं आतडं काय कुरियरने पाठवतात? केळ्याचे वेफर आहेत का ते?”

ठरलं असं की स्वप्निल, म्हणजे दादाचा मुलगा, आमच्या वडिलांच्या श्राद्धाला ठाण्याहून येणारच आहे, जाताना तो नेईल. त्याला फोन लावला. “काका, टेन्शन मत लो. मी आहे ना. पप्पाला बोला आराम करा, बस.” ही एवढी तीन वाक्यं तीन भाषांत बोलतो आणि पगार चौथीत, म्हणजे कॉम्प्युटरच्या भाषेत, घेतो.

९ सप्टेंबर, मंगळवार

पितृपक्ष लागला. दादा अस्वस्थ आहे. सकाळी चहाला आला आणि कप हातात धरून नुसता बसला.

“गजा, तू पाठशाळेत शिकलास. एक सांग. अंगातून काढलेली वस्तू पितृपक्षात घरात ठेवावी का?”

मला खरं म्हणजे ‘ठाऊक नाही’ म्हणायचं होतं. पण समोर दादा, हातात चहा, आणि कितीतरी वर्षांनी कुणीतरी माझ्या संस्कृताची विचारपूस केलेली. मी डोळे मिटले आणि म्हणालो,

“देहाद् यद् विच्युतं किंचित् तज्जले विनिवेदयेत्.”

“म्हणजे?”

“देहापासून जे काही सुटलं, ते पाण्याला अर्पण करावं.”

दादाने गंभीरपणे मान हलवली. कुठल्या ग्रंथातलं हे त्याने विचारलं नाही, आणि तेच बरं झालं, कारण ग्रंथ त्या क्षणी त्याच्यासमोर चहा पीत बसला होता. चरण मीच तिथल्या तिथे रचला. छंद मात्र चोख आहे. संध्याकाळपर्यंत मी स्वतःवर खूश होतो.

११ सप्टेंबर, गुरुवार

केवढा मूर्खपणा माझ्या हातून झाला ते लिहून काढतो, म्हणजे निदान नोंद राहील.

सकाळी इतवाऱ्यात भाजी घेत होतो. वहिनींचा फोन. “भाऊजी, हे स्कूटर घेऊन गेलेत. डॉक्टरांनी स्कूटर चालवू नका सांगितलंय ना? आणि कपाट उघडं आहे. ठोकळा नाही. देवघरातले काळे तीळही नेलेत.”

तीळ म्हटल्याबरोबर मला माझा श्लोक आठवला. भाजी तिथेच टाकली आणि रिक्षात बसलो. रिक्षावाला म्हणाला, “कहाँ, भाऊ?” मी म्हणालो, राजघाट. माझं तोंड बघून तो म्हणाला, “कौन गया?” मी म्हणालो, अजून कुणी नाही, म्हणूनच लवकर घे.

तापीला पाणी भरपूर होतं, गढूळ आणि घाईत. घाटावर पितृपक्षाची गर्दी. पायऱ्यांच्या एका कोपऱ्यात दादा पाटावर बसला होता. समोर केळीचं पान, पानावर झेंडूची दोन फुलं, तीळ, दर्भ आणि मधोमध आमचा ठोकळा. पाटापलीकडे गिरधर गुरुजी कपाळाला हात लावून बसलेले. आमचे श्राद्धपक्ष तेच करतात.

मला बघताच गुरुजी म्हणाले, “या गजाननभाऊ, तुम्हीच समजवा मास्तरांना. मी विचारलं, कुणाचं करायचं? म्हणतात माझं. मी विचारलं, तिथी? म्हणतात निघाली नाही. अहो, मी संकल्प सोडू कसा? मधुकर ह्या नावाच्या माणसाला पाणी देतो म्हणायचं, आणि मधुकर समोर बसून म्हणतोय गुरुजी, लवकर करा, ऊन लागतंय!”

“पूर्ण माणसाचं नका करू,” दादा हट्टाने म्हणाला. “एका तुकड्याचं करा. अपूर्णांकात.”

“मास्तर, अपूर्णांकात क्रिया नसते. जिवंत माणसाचं मी काहीही सोडत नसतो. नियम म्हणजे नियम.”

“शास्त्रात आहे,” दादा म्हणाला, आणि त्याने माझा चरण घाटावर खणखणीत म्हटला. चार डोकी वळली.

गुरुजींनी माझ्याकडे बघितलं. “हे कुठलं हो?”

मला दोन मार्ग होते. मी दुसरा घेतला. “दादा, तो श्लोक मी रचला. परवा. तुझ्या चहाच्या वेळी.”

“छंदात बसतोय,” गुरुजी पुटपुटले. एरवी मला हे ऐकून बरं वाटलं असतं.

मला वाटलं दादा उठून मारेल. तो हसलाच नाही, रागावलाही नाही. ठोकळा उचलून तळहातावर घेतला. “मला वाटलंच होतं,” तो म्हणाला. “पाठशाळेतलं तुला एवढं कुठलं आठवायला.”

“मग आलास कशाला?”

तो पाण्याकडे बघत म्हणाला, “त्या बाई म्हणाल्या ना, गाठीला विचारू. गाठ ‘घ्या’ म्हणाली तर केमो घ्यावी लागणार. तुकडाच नसला तर कोण सांगेल ‘घ्या’ म्हणून?”

आयुष्यभर पोरांना उदाहरणं सोडवायला लावणाऱ्या माणसाचं हे गणित! मी त्याला तसं म्हणालोही. म्हटलं, प्रश्नपत्रिका नदीत टाकून कुणी पास झालंय का? त्याने ठोकळा माझ्या हातात दिला. तीळ चिकटले होते ते मी रुमालाने पुसले. गुरुजींनी त्या अर्धवट विधीबद्दल काहीही घेतलं नाही, नुसतं म्हणाले, “मास्तर, तुमच्या तिथीला मला अजिबात घाई नाही.”

येताना स्कूटर मी चालवली. दादा मागे बसून गिअरबद्दल सूचना देत होता. ठोकळा आता आमच्याकडे आहे, पालींच्या सान्निध्यात. कविताने स्वतः जागा करून दिली.

१३ सप्टेंबर, शनिवार

वडिलांचं श्राद्ध. कावळा पटकन आला. वहिनी म्हणाल्या, बाबांना भजी आवडायची. स्वप्निलने ठोकळा हातरुमालात, रुमाल डब्यात आणि डबा लॅपटॉपच्या बॅगेत ठेवला. घाटाची गोष्ट ऐकून तो एवढा हसला की शिंकायला लागला. मग आतल्या खोलीत जाऊन बापाशेजारी बराच वेळ बसला. काय बोलले ठाऊक नाही. 

२६ सप्टेंबर, शुक्रवार

निकाल आला! आज जळगावला जाऊन बाईंकडून समजून घेतला. इथे लिहून ठेवतो, कारण दादा तो आल्यापासून प्रत्येकाला नव्याने सांगतोय आणि दर वेळी त्यात एक पद वाढतंय.

पेशी सारख्या आपली नक्कल करतात. नकलेत चुका होतात. त्या चुका शोधून दुरुस्त करायला पेशीत काही प्रथिनं नेमलेली असतात. दादाच्या गाठीत त्यातली दोन नाहीतच. मी बाईंना म्हणालो, म्हणजे मुद्रितशोधक रजेवर. त्या म्हणाल्या, अगदी तसंच. मुद्रितशोधकाशिवाय काय होतं ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? गंमत अशी, की चुकांनी बरबटलेली ही गाठ शरीराच्या पहारेकऱ्यांना लगेच ओळखू येते. म्हणून ती पसरायला कचरते, आणि या टप्प्यावर त्या नेहमीच्या केमोला दादही देत नाही.

“म्हणजे?” दादाने विचारलं.

“म्हणजे केमो नको. ठरलेल्या वेळी तपासायला या, बस.”

दादाने बाईंना विचारलं, उत्तर पडताळून पाहिलंय का? बाई म्हणाल्या, दोनदा. मग त्याने चष्मा काढून पुसला आणि पुसतच राहिला. वहिनींनी बाईंचा हात धरला आणि सोडेचनात. शेवटी पुढचा पेशंट आत आला.

स्टेशनवरून थेट मावा जलेबीच्या दुकानात. जलेबीबद्दल आम्ही बाईंना विचारलं नव्हतं, म्हणून त्यांनी काही सांगितलं नव्हतं. दादाने अर्धी खाल्ली आणि उरलेली अर्धी वहिनींच्या पानात ठेवली. “अपूर्णांकात,” म्हणाला. दुकानात उगाच सगळे आमच्याकडे बघत होते, एवढं आम्ही हसत होतो.

दवाखान्यातून निघताना बाईंनी एक जोडून सांगितलं होतं. ही दोन प्रथिनं नसली की कधी कधी ते घराण्यातून आलेलं असतं. म्हणून दादाचं रक्त घेतलं, निराळ्या तपासणीला. आणि मला म्हणाल्या, “तुम्ही वंशावळ जमवा. या वेळी तिथी नको, कुणाला काय झालं आणि कितव्या वर्षी.” मी आनंदाने कबूल झालो. वंशावळ म्हणजे माझा प्रांत.

३० सप्टेंबर, मंगळवार

बहादरपूरला मालूआत्याकडे गेलो. वडिलांची धाकटी बहीण, ऐंशीच्या पुढची. केळीच्या बागेच्या कडेला घर, ओट्यावर बाज. मला बघून म्हणाली, “काय रे गज्या, वाट चुकला का? का पेपरात छापायला आला?”

“आत्या, बाबा गेले तेव्हा किती वर्षांचे होते?”

“तुझा बाप? पन्नाशी कुठली बघितली त्यानं! जेवणावरून उठे तं पोट धरून बसे. वाळून वाळून चिपाड झाला. तुझा काका त्याच्याहून जवान गेला, असंच, रक्त जाई. आणि आमचा बाप तसाच.”

“लग्नातलं जेवण बाधलं होतं ना त्यांना?”

“लग्न कुठलं रे? वर्षभर अंथरुणात होता. जेवण कुठून बाधे?”

मी लिहून घेत होतो. आत्याची एक खोड आहे, विषय सोडून स्वतःवर जाते. मध्येच सुरू झाली, “माझीबी पिशवी काढली ना इंदूरला, तरणीताठी होते. डॉक्टर म्हणे गाठ आहे, उशीर केला अस्ता तं गेली अस्ती.” मी म्हटलं, आत्या, ते राहू दे, आपण आजोबांवर होतो. तिने मला केळी दिली आणि म्हणाली, बायकांचं कोण लिहितं! मी हसलो. वंशावळ सुबक झाली आहे, तीन पिढ्या, रेघा सरळ.

दादाला दाखवली. त्याने बराच वेळ बघितली, मग पेन्सिलने बाबांच्या, काकांच्या आणि आजोबांच्या नावाभोवती एक एक वर्तुळ काढलं. शेवटी स्वतःभोवती. माझ्या नावापाशी पेन्सिल थांबली आणि त्याने ती खिशात ठेवली. शुद्धलेखन तपासत असावा.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

दादा पुन्हा फिरायला जाऊ लागला. कोपऱ्यावरच्या मुलांना फुकट गणित शिकवतो, मुलं आता दुसऱ्या कोपऱ्यावर खेळतात.

२९ ऑक्टोबर, बुधवार

दिवाळीत वही उघडलीच नाही. गायत्री इंदूरहून आली होती. आमची एकुलती एक, तिथे आर्किटेक्टच्या ऑफिसात आहे. आल्या आल्या तिने किल्ल्याच्या भिंतीचा कोन चुकला म्हणून लोधीपुऱ्यातल्या मुलांशी भांडण काढलं. मग तिने आणि दादाने मिळून तो पाडून पुन्हा बांधला. पाडव्याला तिने घाटावरची गोष्ट माझी नक्कल करून सांगितली. ‘विनिवेदयेत्’ म्हणताना मी डोळे मिटतो, हे मला माहीत नव्हतं.

ती गेल्यावर दादाच्या रक्ताचा निकाल आला. घराण्यातलंच आहे. लिंच सिंड्रोम म्हणतात. बाईंनी माझी वंशावळ टेबलावर पसरून विचारलं, “आणि ह्या आत्या? त्यांच्यापुढे काहीच कसं नाही?” मी सांगितलं, तिची पिशवी काढली होती, गाठ होती म्हणे, पण ते निराळं. बाई म्हणाल्या, निराळं नाही, बायकांत हा दोष तिथेही दिसतो. आणि आत्याच्या नावाभोवती त्यांनी वर्तुळ काढलं.

मग मला म्हणाल्या, सख्ख्या भावाला निम्मी शक्यता. तुमचं रक्त द्या. नसलं तर विषयच संपला. असलं तर तुम्ही दुर्बिणीने नियमित तपासायचं, काही निघालं तर लहान असतानाच निघतं. मग मुलीचं बघायचं.

मी म्हटलं, देतो, दिवाळीचा शीण उतरू दे. मग म्हटलं, केळीच्या लिलावाचा वाद चाललाय, तो होऊ दे. मग सासुरवाडीला एक कार्य आहे. परवा दादा दारात येऊन उभा राहिला, पायात चपला.

“गजा, मला घाटावरून ओढून आणलंस तेव्हा फार शहाणपणा सांगितलास. प्रश्नपत्रिकेबद्दल. चल.”

“माझं काम आहे रे.”

“तुझ्या बातमीवाचून बुऱ्हाणपूरचं काही अडत नाही. मी तुला ओढू शकत नाही, माझे टाके ओले आहेत. मुकाट्याने गाडीत बस.”

टाके कधीच सुकलेत. पण मी बसलो. सोमवारी रक्त दिलं. सुई टोचणाऱ्या मुलीला मी विचारलं, ह्यात संस्कृतही निघतं का? ती म्हणाली, काका, हात हलवू नका. निकालाला काही आठवडे लागतील.

आज दुपारी गायत्रीचा फोन आला. तिला दादाने सगळं सांगितलंय, मी सांगण्याआधी. “बाबा, आपका रिपोर्ट कब आएगा? आला की पहिला फोन मला. आईला नाही, मला. आणि माझं करायचं असेल तर मी करीन, त्यात काय? मोठे काका बघा, मजेत आहेत.” मी म्हणालो, माझ्यात चूक निघालीच तर ती संधीची निघेल. ती हसली. मीही हसलो. दादा मजेत आहे हे खरं आहे. आत्ता या क्षणी ओट्यावर बसून कुणाला तरी लघुतम साधारण विभाज्य समजावतोय, त्याचा आवाज इथपर्यंत येतोय.

फोन ठेवला तेव्हापासून मी बातमी लिहायला बसलोय आणि एक ओळ पुढे गेलेली नाही. माझ्या पोटाची भीती वाटते, पण तिचं काय करायचं ते आता ठाऊक आहे. गायत्रीचं नाक माझं आहे, कपाळ माझं आहे, सगळे म्हणतात. आणखी काय माझं तिच्यात गेलं असेल, याची मला भीती वाटते.